इंग्रजीत मत मांडताना आधी मोडल, मग 'आय थिंक': पायरीपायरीनं

पुण्यातून लंडनच्या सहकाऱ्याला मेल जाते: 'आय थिंक दॅट यू मस्ट पोस्टपोन द रिलीज.' व्याकरणात खोट काढायला जागा नाही. पण लिहिणाऱ्याच्या मनात होतं 'पुढे ढकललेलं बरं', आणि वाचणाऱ्याच्या हाती पडला हुकूम. लिहिणाऱ्यानं काय केलं, तर सवयीनं 'आय थिंक' लिहिलं, मनातल्या 'पाहिजे'ला पहिला आठवलेला शब्द म्हणजे 'मस्ट' लावला आणि मेल पाठवून दिली.

चूक क्रमात आहे. इंग्रजीत मताचा ठामपणा दोन ठिकाणी असतो: सुरुवातीच्या क्रियापदात (थिंक, बिलिव्ह, सजेस्ट) आणि 'दॅट'नंतरच्या मोडलमध्ये, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येणाऱ्या साहाय्यक क्रियापदात (शुड, मस्ट, माइट, कुड). त्यातला मोठा वाटा मोडलचा. म्हणून मोडल आधी ठरवायचं आणि 'आय थिंक' त्यानंतर. खालच्या पायऱ्या याच क्रमानं दिल्या आहेत. मध्येच उडी मारू नका, कारण पुढची निवड मागच्या निवडीवर अवलंबून आहे.

तयारी: मराठी वाक्य आधी सुटं करा

मराठीत अनेकदा मत आधी येतं आणि ते कोणाचं हे मागून येतं: 'रिलीज आठवडाभर पुढे ढकलायला हवं आणि ग्राहकाला हे आजच सांगायला हवं, असं मला वाटतं.' इंग्रजीत 'मला वाटतं' पुढे जातं. त्यामुळे वाक्य जसंच्या तसं उलगडत नेलं की अडखळायला होतं.

कागदावर तीन गोष्टी लिहा. मत कोणाचं: माझं. मत काय: रिलीज पुढे ढकलणं, ग्राहकाला सांगणं. किती ठाम: बऱ्यापैकी, पण निर्णय माझ्या एकट्याचा नाही. तिसरी ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि नेमकी तिथूनच मोडल मिळतं. हेच वाक्य आपण शेवटपर्यंत नेऊ.

पायरी 1: अंदाज आहे की सल्ला?

'ती घरी असेल' हा अंदाज. 'तिनं घरी थांबायला हवं' हा सल्ला. मराठीत दोन्हींची रूपं वेगळी असल्यामुळे गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र एकच मोडल दोन्ही कामं करतं. 'शी मस्ट बी ॲट होम' म्हणजे 'घरीच असणार' किंवा 'घरी असलंच पाहिजे'. 'द पार्सल शुड अराइव्ह टुमॉरो' म्हणजे 'उद्या यायला हरकत नाही', पार्सलला दिलेला सल्ला नव्हे. 'शुड'चा हा अपेक्षेचा अर्थ अनेकांना ठाऊकच नसतो आणि मग साध्या मेलचा भलता अर्थ लावला जातो.

म्हणून वाक्याच्या कडेला 'अंदाज' किंवा 'सल्ला' असा एक शब्द लिहा. आपल्या वाक्यात दोन्ही भाग सल्ल्याचे आहेत.

पायरी 2: मोडल निवडा

इथे घाई करू नका.

सल्ल्यासाठी सर्वात कामाचं मोडल 'शुड'. 'हवं', 'पाहिजे', 'केलेलं बरं' या तिन्हींना रोजच्या व्यवहारात तेच पुरतं. 'ऑट टू' त्याच्याच जवळचं, पण त्यात कर्तव्याचा सूर जरा जास्त आणि लेखी इंग्रजीत ते कमी दिसतं. 'मस्ट' म्हणजे दुसरा पर्याय नाही. नियम, सुरक्षा, कायदा, किंवा स्वतःवर घातलेलं बंधन यांसाठी ते राखून ठेवा. 'आय थिंक आय मस्ट अपॉलजाइझ' छान आहे, कारण सक्ती स्वतःवर आहे. 'यू मस्ट' समोरच्यावर येऊन आदळतं. अपवाद आग्रहाचा: 'यू मस्ट ट्राय द केक' हे आपल्या 'घ्याच हो' इतकंच प्रेमाचं आहे, तिथे ते बिनधास्त वापरा.

सल्ला मऊ करायचा तर 'कुड' किंवा 'माइट' घ्या: 'वी कुड पोस्टपोन द रिलीज', 'इट माइट बी बेटर टू वेट'. ब्रिटिश कार्यालयांत 'यू माइट वाँट टू चेक द फिगर्स' असं कोणी लिहिलं, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'आकडे तपासा, चूक आहे' असा असतो. 'तुमची इच्छा असेल तर' असा समज करून घेऊन मेल बाजूला ठेवू नका.

*इशारा:* 'हॅड बेटर'चा अर्थ आपल्याकडे 'बरं होईल' असा पाठ करून घेतला जातो. खरं तर त्यात इशारा असतो: असं कर, नाहीतर परिणाम भोग. 'यू हॅड बेटर रिप्लाय टुडे' हे वरिष्ठांना किंवा ग्राहकाला कधीही लिहू नका.

आता अंदाज. मराठीत आपण क्रियापदाच्या रूपावर काम भागवतो आणि हीच रूपं इथे उपयोगी पडतात:

- 'असणारच': 'मस्ट बी'
- 'असेल' (बहुधा): 'विल प्रॉबेबली बी'
- 'असू शकेल', 'कदाचित असेल': 'मे बी', 'माइट बी', 'कुड बी'
- 'असणं शक्यच नाही': 'कान्ट बी'

इथे तीन खड्डे आहेत. पहिला, अंदाजाच्या 'मस्ट'चं नकारार्थी रूप 'मस्ट नॉट' नसून 'कान्ट' आहे. 'ही मस्ट नॉट बी इन द ऑफिस' हे बहुतेकांना 'त्याला ऑफिसात मनाई आहे' असंच ऐकू येईल. अमेरिकन बोलण्यात 'ही मस्ट नॉट हॅव हर्ड मी' म्हणजे 'त्यानं ऐकलं नसणार' असा वापर आहे. तो ऐकून समजून घ्या, पण लिहिताना 'कान्ट' सुरक्षित.

दुसरा, उद्याच्या घटनेचा अंदाज 'मस्ट'नं बांधता येत नाही. 'ही मस्ट कम टुमॉरो' म्हणजे 'त्याला उद्या यावंच लागेल'. 'उद्या येईलच'साठी 'आय ॲम शुअर ही विल कम टुमॉरो'.

तिसरा, 'मे नॉट' आणि 'कान्ट' यांतलं अंतर. 'शी मे नॉट नो' म्हणजे तिला कदाचित माहीत नसेल. 'शी कान्ट नो' म्हणजे तिला माहीत असणं अशक्य. समोरच्यावर खोटेपणाचा आळ येईल की नाही हे या एका शब्दावर ठरतं.

*तपासा:* तुमच्या वाक्याचा कर्ता 'यू' आहे आणि मोडल 'मस्ट' आहे का? असेल तर 'यू'चं 'वी' करता येतं का पाहा, आणि 'मस्ट'चं 'शुड'. आपलं वाक्य: 'वी शुड पोस्टपोन द रिलीज', 'वी शुड टेल द क्लायंट टुडे'.

पायरी 3: आता सुरुवातीचं क्रियापद

ते मोडलशी जुळलं पाहिजे. 'आय ॲम शुअर दॅट ही माइट कम' यात पहिला भाग खात्री देतो आणि दुसरा ती काढून घेतो. एक तर 'आय ॲम शुअर ही विल कम' म्हणा, नाही तर 'आय थिंक ही माइट कम'.

'थिंक' कुठेही चालतं. 'बिलिव्ह' जास्त गंभीर, विचारांती ठरलेल्या मताला. 'फील' व्यक्तिगत, आणि त्यामागे पुराव्याची अपेक्षा कमी. 'सपोज' म्हणजे 'असेल बुवा', थोडं नाइलाजानं. अमेरिकेत 'गेस' आणि ब्रिटनमध्ये 'रेकन' ही बोलण्यातली, अहवालात नकोत.

मराठी माणसाला हमखास गोत्यात आणणारी जोडी म्हणजे 'डाउट' आणि 'सस्पेक्ट'. आपण म्हणतो, 'मला शंका आहे की त्यानंच पैसे घेतले असावेत.' शंका म्हणजे 'डाउट' म्हणून लिहिलं 'आय डाउट दॅट ही टुक द मनी', तर अर्थ बरोबर उलटा होतो: त्यानं पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही. संशय असेल तर 'आय सस्पेक्ट दॅट ही टुक द मनी' किंवा 'आय सस्पेक्ट दॅट ही मे हॅव टेकन द मनी'. तक्रारअर्जात किंवा ऑडिटच्या टिपणात ही चूक झाली तर निस्तरणं अवघड, म्हणून हे दोन शब्द पक्के करून ठेवा.

आणखी काही झटपट दुरुस्त्या. 'आय ॲम थिंकिंग दॅट', 'आय ॲम फीलिंग दॅट' नको. मत सांगताना साधा वर्तमानकाळ. 'अकॉर्डिंग टू मी' नको. 'अकॉर्डिंग टू' दुसऱ्याच्या म्हणण्याला किंवा अहवालाला लावतात. 'इन माय ओपिनियन, आय थिंक दॅट' यात मत दोनदा सांगितलं गेलं, एक काढा. 'आय वाँट दॅट यू शुड कम' नको. 'वाँट'नंतर 'दॅट' येतच नाही, 'आय वाँट यू टू कम' म्हणा. 'आय होप दॅट यू वुड सेंड द फाइल' हे भारतीय कार्यालयांत सर्रास दिसतं. 'होप' वर्तमानात असेल तर 'विल' किंवा साधा वर्तमानकाळ: 'आय होप यू विल सेंड द फाइल'.

मतभेद सौम्यपणे मांडायचा असेल तर इंग्रज माणूस सुरुवातीच्या क्रियापदालाच 'वुड' लावतो: 'आय वुड से दॅट वी शुड वेट'. 'आय'ड हॅव थॉट दॅट द क्लायंट वुड वाँट टू नो' हे त्याहून बारीक आहे. त्यात 'ग्राहकाला कळवायला हवं' हे मत आहे आणि 'तुम्हाला तसं वाटत नाही याचं आश्चर्य वाटतं' हेही आहे. असं कोणी लिहिलं तर ती भूतकाळातली आठवण नव्हे, आजचा विरोध आहे.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लेखनाचा दुसरा भाग, म्हणजे 40 मिनिटांत किमान 250 शब्दांचा निबंध, लिहिणाऱ्यांसाठी खास सूचना. दर वाक्याला 'आय थिंक दॅट' लावू नका. 'गव्हर्न्मेंट्स शुड स्पेंड मोअर ऑन पब्लिक ट्रान्सपोर्ट' यात 'शुड' आलं तिथेच मत सांगून झालं. 'आय बिलिव्ह दॅट' सुरुवातीच्या परिच्छेदात आणि शेवटी, जिथे भूमिका जाहीर करायची आहे, तिथे ठेवा.

पायरी 4: नकार कुठे बसवायचा

'मला वाटतं तो येणार नाही' आणि 'तो येईल असं मला वाटत नाही', मराठीत दोन्ही सारखीच चालतात. इंग्रजीत 'थिंक', 'बिलिव्ह', 'सपोज', 'इमॅजिन', 'एक्स्पेक्ट' यांच्या बाबतीत नकार पुढे, सुरुवातीच्या क्रियापदापाशी नेण्याकडे कल आहे: 'आय डोन्ट थिंक ही विल कम'. 'आय थिंक ही वोन्ट कम' चूक नाही, पण ते जास्त ठाम आणि थोडं रोखठोक ऐकू येतं. समोरच्याची सूचना नाकारताना तर 'आय डोन्ट थिंक वी शुड डू दॅट' हेच घ्या.

'होप', 'सस्पेक्ट' आणि 'ॲम अफ्रेड' यांना हा नियम लागू नाही. 'आय डोन्ट होप ही कम्स' असं म्हणत नाहीत. 'आय होप ही डझन्ट कम'. छोटी उत्तरंही त्याच हिशेबानं: 'आय डोन्ट थिंक सो', पण 'आय होप नॉट' आणि 'आय ॲम अफ्रेड नॉट'.

*इशारा:* दोन्हीकडे नकार लावू नका. 'आय डोन्ट थिंक ही वोन्ट कम' म्हणजे 'तो येणार नाही असं मला वाटत नाही', आणि बोलणाऱ्याला ते म्हणायचं नसतं.

पायरी 5: 'दॅट' ठेवायचा की गाळायचा

'थिंक', 'गेस', 'होप', 'नो', 'से' यांच्यानंतर बोलण्यात 'दॅट' बहुतेक वेळा गळतो. 'आय थिंक वी शुड वेट' हे पूर्ण, शुद्ध वाक्य आहे. गप्पांमध्ये प्रत्येक ठिकाणी 'दॅट' उच्चारणारा माणूस निवेदन वाचून दाखवतोय असं वाटतं.

पण पुढील ठिकाणी तो ठेवा:

- नामानंतर: 'माय व्ह्यू इज दॅट वी शुड वेट'.
- 'आर्ग्यू', 'इन्सिस्ट', 'रेकमेंड' अशा औपचारिक क्रियापदांनंतर, आणि 'इट हॅज बीन सजेस्टेड दॅट' अशा रचनेत.
- 'अँड'नं दुसरं मत जोडताना, दुसऱ्याच्या आधी. आपल्या वाक्यात नेमकं हेच आहे. दुसरा 'दॅट' नसेल तर ग्राहकाला सांगणं हे तुमचं मत आहे की ठरलेला निर्णय, हे वाचणाऱ्याला कळत नाही.
- मध्ये वेळ किंवा स्थळ येत असेल तर.

शेवटचा मुद्दा जवळून पाहू. 'ही सेड ऑन मंडे वी शुड मीट.' सोमवारी म्हणाला, की सोमवारी भेटायचं? वाक्यावरून कळायला मार्ग नाही. 'ही सेड दॅट ऑन मंडे वी शुड मीट' म्हटलं की भेट सोमवारी. 'ही सेड ऑन मंडे दॅट वी शुड मीट' म्हटलं की म्हणाला सोमवारी. एका 'दॅट'च्या जागेवरून बैठक चुकू शकते.

'दॅट'आधी स्वल्पविराम देऊ नका. 'की'च्या आगेमागे तो देण्याची आपली सवय इंग्रजीत चालत नाही. आणि 'दॅट'नंतर प्रश्न लावू नका: 'आय वाँटेड टू आस्क दॅट व्हॉट शुड वी डू' हे 'विचारायचं होतं की काय करायचं' याचं शब्दशः रूप आहे. 'आय वाँटेड टू आस्क व्हॉट वी शुड डू' असं हवं. 'दॅट' गेला आणि 'वी शुड' सरळ झालं.

पायरी 6: काळ

'मला वाटलं तो येईल.' मराठीत 'येईल' जागचं हलत नाही. इंग्रजीत हलतं: 'आय थॉट दॅट ही वुड कम'. सुरुवातीचं क्रियापद भूतकाळात गेलं की 'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड', 'मे'चं 'माइट'. 'शुड', 'माइट', 'कुड', 'ऑट टू' तसेच राहतात. सक्तीचा 'मस्ट' तसाच ठेवा किंवा 'हॅड टू' करा.

झालेल्या गोष्टीबद्दल मत द्यायचं तर मोडलनंतर 'हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. इथे जीभ आणि लेखणी दोन्ही घसरतात. 'तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं' ही तक्रार: 'आय थिंक यू शुड हॅव टोल्ड अस'. तिथे 'मस्ट हॅव' लिहिलं तर तक्रार नाहीशी होऊन अंदाज उरतो: 'यू मस्ट हॅव टोल्ड अस' म्हणजे 'तुम्ही सांगितलंच असणार'. म्हणजे चूक समोरच्याची असताना ती तुम्ही स्वतःवर ओढवून घेता.

पायरी 7: 'सजेस्ट', 'रेकमेंड', 'इन्सिस्ट' असतील तर वेगळी वाट

ही क्रियापदं सूचना देतात, त्यामुळे पायरी 2 मधली मोडलची निवड इथे आपोआप आटोपते. दोन रूपं पाठ करा. ब्रिटिश इंग्रजीत 'आय सजेस्ट दॅट ही शुड टेक लीव्ह'. अमेरिकन इंग्रजीत मोडलच नाही आणि क्रियापद मूळ रूपात: 'आय सजेस्ट दॅट ही टेक लीव्ह'. 'टेक्स' नाही, 'टेक'. हे दुसरं रूप ब्रिटनमध्येही औपचारिक लेखनात चालतं. भूतकाळातही ते बदलत नाही: 'आय सजेस्टेड दॅट ही टेक लीव्ह'. नकार: 'दॅट ही नॉट टेक लीव्ह'. 'इट इज इसेन्शियल दॅट एव्हरी मेंबर बी प्रेझेंट' हीसुद्धा त्याच घडणीतली रचना.

*इशारा:* 'आय सजेस्ट यू टू टेक लीव्ह' ही आपल्याकडची सर्वात पसरलेली चूक. 'सजेस्ट'नंतर 'यू टू' येत नाही. 'ॲडव्हाइझ' मात्र चालवून घेतं: 'आय ॲडव्हाइझ यू टू टेक लीव्ह'.

पायरी 8: पाठवण्याआधी मोडलच्या उजवीकडे बघा

मोडलनंतर क्रियापद मूळ रूपात, 'टू' नाही, शेपटाला 'एस' नाही: 'ही कॅन गो', 'ही मस्ट गो'. 'टू' फक्त 'ऑट' बरोबर. दोन मोडल एकापुढे एक बसत नाहीत. 'तो करू शकेल' म्हणून 'ही विल कॅन डू इट' होत नाही, 'ही विल बी एबल टू डू इट'.

आपली मेल आता अशी झाली: 'टेस्टिंग इज नॉट कम्प्लीट येट. आय थिंक दॅट वी शुड पोस्टपोन द रिलीज बाय अ वीक अँड दॅट वी शुड टेल द क्लायंट टुडे.' वरिष्ठ जरा तापट असतील तर पहिलं 'वी शुड' काढून 'इट माइट बी बेटर टू' ठेवा, पण ग्राहकाला सांगण्याचं 'शुड' तसंच राहू द्या. ते मऊ केलं तर आज कोणीच सांगणार नाही.

हेच वाक्य बोलताना

जोडणारा 'दॅट' कधीही जोर देऊन म्हणायचा नाही. तो 'दट' इतका आखूड आणि हलका येतो. जोर दिला की तो 'ते' असा दर्शक वाटतो आणि ऐकणारा 'ते म्हणजे कुठलं?' असा थबकतो.

जोर कुठे पडतो यावर मतही बदलतं. 'आय थिंक ही विल कम' यात 'थिंक'वर जोर दिला तर 'येईल बहुतेक, नक्की सांगत नाही'. 'विल'वर दिला तर 'तुम्ही नाही म्हणताय, पण येईल'. 'वी शुड वेट' मधल्या 'शुड'वर जोर पडला की समोरच्याच्या मताला विरोध झाला असं धरलं जातं. साधा सल्ला द्यायचा असेल तर 'शुड' हलकं सोडा आणि वजन 'वेट'वर येऊ द्या.